मान मऊ, बूड कडक

शशी, बटण मी दाबलं.

फ्यूनरल होममधल्या माणसानं विचारलं, घरचं कोण दाबणार. मराठी मंडळातले काका लोक ईशाकडे बघायला लागले. मुलगा नाही तर मुलगी, असा त्यांचा हिशेब. ईशा भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, मी दाबते. हिरवं बटण होतं, झेरॉक्सच्या मशीनला असतं तेवढंच. आत काहीतरी घुरघुरलं आणि मग एकसारखा आवाज सुरू झाला. तो माणूस हळूच म्हणाला की सगळं ऑटोमॅटिक आहे, टेंपरेचर आपोआप सेट होतं, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल. मला तिथं हसू आलं रे. दीड वर्ष आपण ज्यावरून भांडलो ते शेवटी तुला मिळालं. स्वतःच आच लावणारं, स्वतःच वेळ मोजणारं, माणसाचा हात न लागणारं मशीन. मंडळातल्या काकूंना वाटलं मला भोवळ आली, म्हणून त्यांनी मला खुर्चीत बसवलं.

अस्थींसाठी कलश निवडा म्हणून त्यांनी मला शेल्फपाशी नेलं. पितळेचा एक होता. सवयीनं नखानं वाजवून बघितला. पातळ पत्रा आणि वरून लॅकर. माझ्या तांबट बाबांनी असला माल दुकानात ठेवूनही घेतला नसता. मी घरून कळशी नेली होती, बाबांच्या हातची, लग्नातली, पुण्याहून सुटकेसमध्ये आत कपडे कोंबून आणलेली. तिच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी माझं माहेरचं नाव घातलेलं आहे. तू त्यावरून किती चिडवायचास, की अमेरिकेत भांडी चोरणाऱ्याला हे वाचता येणार नाही. आता तू तिच्यातच आहेस, माझ्या माहेरच्या नावाखाली.

लोक येतात, डबे ठेवून जातात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. शांत होता, म्हणतात. शांत कसला! हळू बोलायचास, एवढंच. आमच्या तांबट आळीत सगळे ओरडून बोलतात, कारण घरोघरी हातोडे चालू असताना हळू बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. तू नागपूरचा, पण तुझे मित्रसुद्धा म्हणायचे, "शशी, काऊन पुटपुटून राह्यला बे?" त्या पुटपुटण्यातला हट्ट फक्त मला माहीत होता. मी आरडाओरडा करून दमायची आणि तू त्याच आवाजात तेच वाक्य पुन्हा म्हणायचास.

बंदुकीच्या वेळी तेच झालं. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू चालवलेली, तेवढंच तुझं भांडवल. टेक्ससमध्ये शुगर लँडला आल्यावर शेजारचा वॉल्टर, पाइपलाइनवरचा रिटायर्ड इन्स्पेक्टर, तुला एका शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. परत आलास ते कॉलेजातल्या पोरासारखा हसत. मी म्हटलं, या घरात देव आहेत, बंदूक यायची नाही. तू म्हणालास, "गॅरेजमध्ये ठेवतो." मी तासभर बोलले. तू म्हणालास, "गॅरेजमध्ये ठेवतो." मग ती गॅरेजमधल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद राहिली, आणि हळूहळू तूही गॅरेजमध्येच राहायला लागलास.

मला त्या बंदुकीत काडीचाही रस नव्हता. रस आला तो काडतुसांच्या पुंगळ्यांमुळे. एकदा उडवलेली पितळेची पुंगळी फेकायची नसते, तिच्यात पुन्हा बारूद आणि गोळी भरता येते, हे तू मला गॅरेजमध्ये उभं करून सांगितलंस. पण दर वेळी पितळ ताणलं जातं, पुन्हा आत दाबलं जातं, ताठ होत जातं, आणि एक दिवस तोंडाशी चीर पडते. चीर पडलेली एक दाखवलीस. त्यावर उपाय म्हणजे ॲनीलिंग, असं तू क्लासमध्ये शिकवल्यासारखं म्हणालास. मी म्हटलं, "हे मला सांगतोस? ठोकलेलं पितळ ताठ होतं, तापवलं की नरमतं. बाबा रोज करायचे. लाल करायचं आणि पाण्यात टाकायचं, संपलं."

आणि तुझ्या वाढदिवसाला मी ते करून दाखवलं. तू ऑफिसला गेल्यावर बॅकयार्डमधल्या ग्रिलमध्ये कोळसे पेटवले, तुझ्या डब्यातल्या झाडून सगळ्या पुंगळ्या लोखंडी तव्यावर ओतल्या, लालभडक केल्या आणि बादलीत टाकल्या. चर्र आवाज झाला आणि मला माहेरची इतकी आठवण आली की मी तिथंच गवतावर बसले. संध्याकाळी ताटात रांगोळीसारख्या मांडून तुझ्यापुढं ठेवल्या. तू एक उचललीस, पक्कड आणलीस आणि बुडाशी दाबलीस. बूड कणकेसारखं चेपलं. तुझा चेहरा उतरला. मग त्या ताटाकडे बघत हसायला लागलास, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"नीले, यातली एक जरी मी भरून उडवली असती ना, तर माझं तोंड गेलं असतं."

"बाबांची भांडी कधी कुणाच्या तोंडावर फुटली नाहीत."

"भांड्यात कोणी स्फोट करत नाही गं बाई!"

मग समजावलंस. फक्त मान, म्हणजे वर गोळी बसते तो गळा, तापवायची. मान मऊ हवी, म्हणजे गोळी नीट धरते आणि चिरत नाही. बूड कडकच राहायला हवं, कारण सगळा मार तिथं बसतो. मी म्हटलं, नवराही तसाच हवा. तू म्हणालास, "मग मिळाला की!" आणि बिघडलेल्या सगळ्या पुंगळ्या आपण दोघांनी बसून पकडीनं चेपल्या, एकेक. बिघडलेली तशीच ठेवायची नाही, चुकून कुणाच्या हाती लागेल, हा तुझा नियम. वाढदिवसाचा केक त्या दिवशी राहूनच गेला.

त्यानंतर तू हातानं करायचास. बॅटरीच्या ड्रिलमध्ये सॉकेट बसवायचा, त्यात पुंगळी ठेवायची, मान बाहेर. ड्रिल सावकाश फिरवत मान गॅसच्या ज्योतीत धरायची आणि रंग बदलायला लागला की ओल्या टॉवेलवर टाकायची. तिथं मात्र माझं ज्ञान कामाला आलं. उजेडात पितळाचा रंग दिसत नाही, दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. बाबांची खोली म्हणूनच अंधारी असायची. मी गॅरेजचं दार बंद करायला लावलं, दिवा घालवला, आणि टेक्ससच्या उन्हाळ्यात आपण दोघं आत घामानं निथळत बसलो. तू त्या दिवशी मान्य केलंस की सासऱ्यांना मेटलर्जी येते. हे वाक्य मी पुण्याला फोनकार्ड लावून सांगितलं होतं, आठवतं?

मग पुंगळ्या पडायला लागल्या.

आधी वाटलं, घामानं निसटतात. मग ड्रिलचं बटण दाबताना तुझं बोट मध्येच थांबायला लागलं. शर्टाची गुंडी, गाडीची किल्ली, दाराची कडी. मेडिकल सेंटरमध्ये कितीतरी टेस्ट झाल्या, आणि शेवटी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून आपल्या अगदी जवळ बसल्या. ती खुर्ची सरकली तेव्हाच मला कळलं. मोटर न्यूरॉन. हात, मग पाय, मग आवाज, मग श्वास. औषध नाही. परत येताना गाडी मी चालवत होते. ड्राइव्हवेमध्ये शिरल्यावर तू म्हणालास, "ॲनीलिंगचं मशीन घ्यायला हवं."

मी थक्क झाले. लोक अशा वेळी देवाचं नाव घेतात.

तिथून सुरू झालं. संध्याकाळी जेवण झालं की तू कॉम्प्युटरसमोर बसायचास आणि एका बोटानं टाइप करत फोरमवर लोकांना प्रश्न विचारायचास. एक मशीन थाळीसारखं होतं, सावकाश गोल फिरणारं, पुंगळ्या ओळीनं दोन ज्योतींसमोरून जाणार आणि खाली पडणार. एकात शिसं वितळवून पुंगळीची मान बुडवायची. ते मी जागच्या जागी कॅन्सल केलं, माझ्या घरात शिशाचा धूर नको. एक आपणच बनवायचं, मोटर आणून. प्रिंटआउट काढून तू जेवणाच्या टेबलावर पसरायचास आणि मला विचारायचास, फिरण्याचा वेग बदलता येणारं बरं की साधं? ज्योत एक की दोन? मी वरण वाढताना त्या कागदांवर सांडायची. मुद्दाम नव्हे, पण फार जपूनही नाही.

कारण माझं म्हणणं एकच होतं. "मशीन कशाला? मी धरते ना."

तू म्हणायचास, "नको."

"ड्रिल मी धरते, तू नुसतं सांग."

"नको, नीला. मशीन घेऊ."

ईशा ॲन आर्बरहून फोनवर वैतागायची, "आई, जस्ट बाय हिम द मशीन! व्हॉट इज द बिग डील?" तिला कसं सांगणार? मी तुझी गुंडी लावत होते, दाढी करत होते, घास भरवत होते, आणि ते तू सगळं मुकाट्यानं करू देत होतास, नजर दुसरीकडे वळवून. एवढीच एक गोष्ट होती जी मला स्वतःहून करायची होती, आजारपणातली सेवा म्हणून नाही, तांबटाची मुलगी म्हणून. आणि नेमके तिथंच तुला माझे हात नको होते. मला राग आला, शशी. आजाऱ्यावर रागवू नये म्हणतात. मी रागावले. एकदा तर म्हणाले, "लोखंडाचे हात चालतात तुला, माझे चालत नाहीत." तू हळूच म्हणालास, "तुझे हात दिवसभर माझंच करतायत." मी ते ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही.

शेवटी तू थाळीवालं नक्की केलंस. आयडाहोमध्ये एक माणूस आपल्या शेडमध्ये ती बनवायचा. नंबर मी फिरवला, रिसीव्हर तुझ्या कानाशी धरला. त्याच्या बायकोनं उचलला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता, गोड होता. "इट्स अबाउट अ फोर मंथ वेट, हनी. ही मेक्स देम ऑल हिमसेल्फ."  ती म्हणाली, "सर?" तू माझ्याकडे बघितलंस. तुझा आवाज तोवर जड झाला होता, तिला दोनदा विचारावं लागलं. तू म्हणालास, "आय विल थिंक अबाउट इट." मी फोन ठेवला. प्रिंटआउट मीच गोळा करून कपाटात टाकले, आणि तू टाकू दिलेस.

पुढच्या शनिवारी दुपारी तू चाकाची खुर्ची गॅरेजच्या दाराशी न्यायला सांगितलीस. दार लावायला सांगितलंस. आणि म्हणालास, "धर."

तेव्हापासून दर शनिवारी. तुझ्याच्यानं रायफल उचलवत नव्हती, तर वॉल्टर तुझ्या वाटची उडवायला लागला. रविवारी रेंजवर जायचा आणि येताना भोकं पडलेलं टार्गेट आणि रिकाम्या पुंगळ्या आणून द्यायचा. टार्गेट बघून तू त्याला शिव्या द्यायचास, समजतील तशा. पुन्हा शनिवारी त्याच पुंगळ्या. मी ड्रिल धरायची, तू "बस" म्हणायचास, मी टॉवेलवर टाकायची. मी तुला डाव्या बाजूला बसवायची, ज्योतीचा उजेड तुझ्या तोंडावर पडेल असं. कारण पुढं पुढं तुझा "बस" नीट निघेना, नुसता एक हुंकार निघायचा, आणि तोही गेल्यावर तू डोळे मिटायला लागलास. म्हणून मी पुंगळीकडे बघायचीच नाही. तुझ्याकडे बघायची. तू ज्योतीकडे बघायचास आणि मी तुझ्या पापण्यांकडे. डोळे मिटलेस की बस. शेजारून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, हे दोघं अंधारात करतात तरी काय.

किती सावकाश चालायचं ते. एक झाली की तुझी लाळ पुसायची, मान सरळ करायची, मग दुसरी. दुपारी सुरू करायचो ते दिवेलागणीपर्यंत. मी बडबडायची. आळीतल्या गोष्टी, बाबा कुणावर हातोडा फेकून मारायला धावले ते, डेंटिस्टकडच्या माझ्या फ्रंट डेस्कवर कोण येऊन काय बोललं ते. तुझा आवाज गेल्यापासून माझाही आवाज खाली आला होता. आमच्या आळीत मला कुणी ओळखलं नसतं.

पण एक काटा मनात राहिला, तो तुला सांगते. "धर" म्हणालास ते कशामुळे? चार महिने थांबायला वेळ नाही, हे त्या बाईनं नकळत सांगितलं म्हणून? दुसरा उपाय नाही, तर ही आहे, म्हणून? मला दर शनिवारी विचारायचं असायचं आणि मी दर शनिवारी आळीतली दुसरी एखादी गोष्ट सांगायची. तू हो-नाही डोळ्यांनीच सांगायचास. असल्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांनी घेण्याची माझी छाती झाली नाही.

मग श्वास कमी पडायला लागला. हॉस्पिटलमध्ये त्यांनी विचारलं, गळ्यातून नळी घालून मशीन लावायचं का. तू नाही म्हणालास. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मी हो म्हणत होते, मोठ्यानं, आळीतल्या आवाजात, नर्स बाहेरून धावत आली. तू तेच तेच नाही, डोळ्यांनी, न थकता. या भांडणात कोण बरोबर होतं ते मला अजून ठरवता येत नाही. त्याबद्दल मी तुला माफही केलेलं नाही, हे माहीत असू दे.

तेराव्यानंतर वॉल्टर आला. टोपी हातात, दारातच उभा. रायफल ईशाला नको, मला नको, ती त्यानंच न्यावी असं मी म्हटलं होतं. गॅरेजमध्ये आला, टेबलावरचा ड्रिल बघितला, टॉवेल बघितला. आणि मग म्हणाला, त्याचं तसंच सांगते, "यू नो, आय ऑफर्ड हिम माइन."

मला कळलं नाही. तर तो सांगायला लागला. त्यानं स्वतःसाठी एक थाळीवालं मशीन घेतलं होतं. आपण शनिवारी बसायला लागल्यानंतर, एकदा मी देवळात गेले असताना, तो ते ट्रकमध्ये घालून घेऊन आला. तुझ्यासमोर लावून दाखवलं. भराभर पुंगळ्या फिरल्या, भराभर पडल्या, सगळ्या एकसारख्या. म्हणाला, ठेवून घे, मला घाई नाही. तेव्हा तुला थोडं थोडं बोलता येत होतं. तू बराच वेळ लावून एक वाक्य जुळवलंस, आणि वॉल्टरला ते समजायला आणखी वेळ लागला. "इट विल बी डन इन ट्वेंटी मिनिट्स. व्हॉट डू आय डू विथ माय सॅटर्डे?" आणि मशीन परत न्यायला सांगितलंस. वर माझ्याजवळ बोलायचं नाही अशी ताकीद.

वॉल्टर रायफल तशीच ठेवून गेल्यावर मी तुला खूप बोलले. गॅरेजमध्ये उभी राहून, मोठ्यानं. का नाही सांगितलंस? एक हुंकार पुरला असता. तो काटा घेऊन मी तुझं अंग पुसलं, तुला कुशीवर वळवलं, हॉस्पिटलात तुझ्याशी भांडले. तुला वाटलं असेल, हिला कळलंच असणार. नाही कळलं मला! मी पितळ ओळखते, माणसं नाही ओळखत. तुझी कळशी आत देवापाशी होती, आणि मी इथं तुझ्यावर ओरडत होते, आणि मला वाटतं शेजारी सगळ्यांना ऐकू गेलं.

काल शनिवार होता. मागच्या खेपेच्या पुंगळ्या ट्रेमध्ये तशाच होत्या. मी दार लावलं, दिवा घालवला, गॅस पेटवला. पहिली पुंगळी सॉकेटमध्ये ठेवली आणि ड्रिल चालू केला. आणि सवयीनं डावीकडे बघितलं.

बघतच राहिले. तिथं काही नव्हतं, सिमेंटवर खुर्चीच्या चाकांचे डाग होते. परत वळले तेव्हा पुंगळी अर्ध्यापर्यंत नारिंगी झाली होती. मान गेली, बूडही गेलं. टॉवेलवर टाकली, निवू दिली, आणि पकडीनं चेपली, तुझ्या नियमाप्रमाणे. दुसरी लावली नाही. दिवा लावून ट्रे फडक्यानं झाकून ठेवला.

संध्याकाळी वॉल्टरला फोन केला. रायफल ने म्हटलं, पुंगळ्या राहू देत, त्या माझ्या मी करून देईन, बघायला शिकायला मला जरा वेळ लागेल. तो म्हणाला, मशीन आणून ठेवू का?

नको म्हटलं.